कॅप्टन सुमेधचा दोर

गुंडा तात्यांचा धंदा माणसं खाली सोडण्याचा. विहिरीचं काम निघालं की चाकावरून नाडा, म्हणजे जाड दोर, टाकायचा, नाड्याच्या टोकाला फळी बांधायची, फळीवर माणूस बसवायचा आणि साठ-सत्तर फूट खाली उतरवायचा. संध्याकाळी तोच माणूस वर काढून त्याच्या बायकोच्या हवाली करायचा. कोरेगावच्या माळापासून विट्याच्या खडकापर्यंत किती विहिरींवर त्यांनी नाडा धरला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. किती माणसं हातातून सुटली ते मात्र सांगता यायचं. एक. तेही विहिरीत नाही, आकाशातून.

ते आकाश मी तयार केलेलं होतं.

आमची वस्ती कुंडलच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत दरवर्षी नाटक व्हायचं. त्यात एक दारूडा असायचा, एक सोसणारी बायको असायची आणि तिसऱ्या अंकात दोघं शहाणी व्हायची. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा मला या दोघांचाही कंटाळा आला होता. १९८२ साली मी ‘तारायान’ लिहिलं. कॅप्टन सुमेध नावाचा आमच्यातलाच एक माणूस यानात बसून ग्रहामागून ग्रह पालथे घालतो आणि जिथं जाईल तिथं माणसानं माणसाशी कसं वागावं ते बघतो, असं ते नाटक. म्हाताऱ्यांनी डोक्याला हात लावला. पण पहिल्या भागाच्या शेवटी सुमेधचं यान एका काळ्या ग्रहावर अडकवून मी पडदा पाडला, आणि वर्षभर मला रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. जो तो अडवून विचारायचा, “मास्तर, सुटतोय का न्हाई त्यो?” मग दर जयंतीला एक भाग, असा पायंडाच पडला.

सुमेध व्हायचा केरू. ऊस भरायच्या टोळीवरचा गडी, चेहरा बेताचा, पण तो नुसता उभा राहिला तरी पोरं रडायची थांबत. आणि त्याची एंट्री म्हणजे खरा नाटकाचा जीव. स्टेजमागं चिंचेचं झाड होतं. त्याच्या जाड फांदीला चाक बांधायचं, तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून केलेलं यान त्यावरून लोंबकळत ठेवायचं, आणि सनई थांबली की केरू त्यात बसून अठरा फुटांवरून खाली यायचा. नाडा गुंडा तात्यांच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. तो नाडा झाडाजवळच्या खुंट्याला दोन वेढे घालून ते हाताहातानं असा सोडायचे, की यान तरंगत येतंय असंच वाटे.

आता विहिरीवरच्या माणसांची एक बोली असते. फळीवरचा ओरडतो, “सोड.” वरचा म्हणतो, “सोडतो,” आणि मगच हात ढिला करतो. “थांब” म्हटलं की “थांबलो.” तळाला पाय टेकले की “पोचलो,” आणि वरच्यानं उलट “पोचला” म्हटल्याशिवाय नाडा कुणी टाकत नाही. या बोलीत मानपान नसतो. नातू आज्याला “सोड” म्हणतो आणि आजा ऐकतो. बोली न ऐकता ज्याचा हात हलला, त्याला पुन्हा कुणी चाकापाशी उभं करत नाही.

पहिली आठ वर्षं केरू यानातून हळूच “सोड” म्हणायचा आणि पडद्यामागून तात्या “सोडतो” म्हणायचे. पुढच्या रांगेला ते ऐकू जायचं आणि मला त्याची लाज वाटायची. ताऱ्यांपलीकडून आलेला कप्तान, आणि विहिरीतल्या गड्यासारखा “सोड” म्हणतो! नवव्या भागाला, १९९० साली, मी बोली बंद केली. तात्यांसमोर दोन दिवे बसवले. लाल म्हणजे धरा, हिरवा म्हणजे माणूस उतरला, यान सोडून द्या. त्या वर्षी मला नवा थाट करायचा होता. यान आधी दहा फुटांवरच्या मचाणाला लागणार, केरू त्यावर उतरून उभा राहणार, आणि मोकळं यान दणकन खाली आदळणार. तात्या पडद्याच्या मागं. त्यांना केरू दिसत नव्हता, फक्त दिवे दिसत होते. खटके माझ्या हातात.

तात्या त्या दिवशी म्हणाले होते, “मास्तर, दिव्याला जीव नसतोय.” मी हसलो होतो.

यान मचाणाला लागलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, मी त्या टाळ्या ऐकत राहिलो, आणि केरूचा एक पाय अजून यानात असताना मी हिरवा दिवा लावला. तात्यांनी नाडा सोडला. पत्र्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. केरू पत्र्यांखाली पडला होता आणि त्याची मांडी नको तिथं वाकली होती. लोक धावले. मी पण धावलो, पण त्याआधी मी खटका बंद केला. हे कुणी पाहिलं नाही.

वस्तीच्या माणसांनी तात्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “हात सुटला.” एवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो. तोंडातून शब्द निघण्याआधीच ते म्हणाले, “बोली ऐकली न्हवती मी. बोली नसताना सोडलं. मग हात सुटलाच म्हनायचं.” मी परत आलो. त्यांनी हिरवा दिवा पाहिला होता, हे मला माहीत होतं. तो कुणी लावला हे त्यांना माहीत होतं. सात वर्षं आम्ही दोघं एकमेकांना ‘जयभीम’ करत होतो आणि दोघंही खाली बघत होतो.

केरू तीन महिने सांगलीला दवाखान्यात होता. पाय आखूड राहिला. ऊस भरणं संपलं. विट्याकडचे एक लालासाहेब तिकडं कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानाचे मालक होते, त्यांच्याबरोबर तो भट्टीपाशी बसायला निघून गेला.

आणि गुंडा तात्या भ्याले. भीती म्हणजे काय ते मी त्या माणसात पाहिलं. नाडा तर त्यांनी सोडलाच, पण आडावर घागर टाकायची तरी हात कापायचे. पाणी आक्काताई, म्हणजे त्यांची बायको, शेंदायची. चार शेरडं घेतली होती. त्यांच्या दाव्याला ते तीन तीन गाठी मारत आणि रस्त्यातून परत फिरून चौथी मारत. पंचमीला गावातल्या पोरी झाडाला झोके बांधत, त्या दिवशी तात्या सकाळीच शेरडं घेऊन डोंगराकडं जात आणि झोके सुटल्यावरच खाली येत. बसमध्ये ते कधी वरचा दांडा धरत नसत. खाली बसत, फळीवर बसल्यासारखे. लोक हसायचे. मी हसायचो नाही, पण सांगायचोही नाही. माझी भीती त्यांच्या भीतीच्या आड मजेत बसली होती.

‘तारायान’ चालू राहिलं. केरूच्या जागी मी बुद्धभूषणला घेतला, माझा पुतण्या, देखणा, पदवीधर. सगळे संवाद पाठ. पण तो स्टेजवर चालत यायचा आणि लोक त्याच्या मागं बघायचे, अजून कुणी यायचं आहे का म्हणून. तेराव्या भागात मागून एक बाई ओरडली, “ह्यो ऱ्हाऊ द्या, आमचा सुमेध कुठं हाय त्ये सांगा.” पंधराव्या भागाला विट्याहून एकही टेम्पो आला नाही. बुद्धभूषण स्वतःच मला म्हणाला, “काका, सोळाव्याला केरूदादाला बोलवा. मी सहायक होईन. मला ह्या लोकांची भीती वाटाय लागलीय.”

मी केरूला पत्र लिहिलं. मधला होता तो बदली कप्तान, खरा सुमेध सात वर्षं मघा नक्षत्रात अडकला होता, तिथल्या गुरुत्वाकर्षणानं त्याचा एक पाय आखूड झाला, अशी सोय मी लिहून टाकली होती. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर दुसऱ्याचं, बोलणं केरूचं. “मास्तर, येतो. यानातनंच येनार. दोर गुंडा तात्याच्या हातात पायजे. दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर मी येत न्हाई.”

कार्ड वाचून मला दोन गोष्टींची भीती वाटली. एक म्हणजे तात्या तयार होणार नाहीत. दुसरं म्हणजे तयार झाले तर.

तात्या अंगणात शेरडीला पाला घालत होते. मी कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी पाला खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. ते आपल्या तळव्यांकडं बघत होते.

“त्यो मला मारायला येत असता तर बरं झालं असतं, मास्तर,” ते म्हणाले. “बसायला येतोय.”

“नको असंल तर मी तसं कळवतो.”

आक्काताई चुलीपाशी होती. ती बाहेर आली. “नको कसं म्हनता? सात वर्सं झाली, ह्या मानसानं हातात काय धरलं न्हाई. जेवताना भाकरीबी दोन हातांनी धरत्यात. तुमी त्याला येऊ द्या.”

“पुन्हा सुटला तर?” तात्या म्हणाले. हे त्यांनी तिला विचारलं नव्हतं, मलाही नाही.

केरू जयंतीच्या आठ दिवस आधी आला. केस पांढरे झाले होते, भट्टीच्या धुरानं आवाज घोगरा झाला होता. एस. टी.तून उतरला तो थेट तात्यांच्या दारात गेला. मी मागोमाग. तात्या उठून उभे राहिले. केरूनं पाया पडून शेजारी बसकण मारली.

“आवं तात्या, दुसरा कुनी असला तर त्यो म्हननार, माझा हात कवा सुटत न्हाई,” केरू म्हणाला. “तसल्या मानसाच्या भरोशावर मी बसनार न्हाई. तुमाला म्हाईत हाय सुटतोय म्हनून. तुमी जपनार.”

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायची ती जागा होती. मी म्हणालो, “चहा घेऊन मग तालमीचं बघू.”

तालीम आधी मुरमाच्या पोत्यावर. केरूच्या वजनाएवढा मुरूम भरून पोतं यानात ठेवलं. तात्यांनी खुंट्याला नाड्याचे दोन वेढे घातले, मग तिसरा घातला, मग चौथा. अठरा फूट पोतं खाली यायला पाऊण तास लागला. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. पोत्याला काही झालं नव्हतं, तरी ते दोनदा जाऊन पोतं चाचपून आले. शेवटच्या दिवशी पोतं पाच मिनिटांत आलं. केरूला बसवून तालीम करायला मात्र ते तयार होईनात. म्हणाले, “एकदाच सोडीन. दोनदा सोडायला मी उरनार न्हाई.”

त्यांनी एकच अट घातली, उजेड पाहिजे. म्हणून त्या वर्षी नाटक संध्याकाळी पाचला ठेवलं. मधला पडदाही काढला, कारण केरू त्यांना दिसायला हवा होता. दिव्यांचं नावही मी काढलं नाही. मी स्टेजच्या कडेला उभा राहून पांढरा रुमाल हलवायचा, की तात्यांनी सोडायला लागायचं, असं मी ठरवलं. बोलीचं माझ्या मनात आलं होतं. पण बोली परत आणायची म्हणजे ती बंद कुणी केली हा प्रश्न आला. तात्यांनीही मागितली नाही.

जयंतीच्या दिवशी चार वाजताच मैदान भरलं. विट्याहून टेम्पो आले, कोरेगावकडची माणसं आली, गावातून शेतकरी मंडळी आली. नानासो पाटील फेटा बांधून पुढं बसले. त्यांच्या तीन विहिरींवर तात्यांनीच नाडा धरलेला. उजेडात सगळं उघडं दिसत होतं. पत्र्यावरचं तेलाच्या कंपनीचं नाव, चिंचेची फांदी, चाक, नाडा, आणि नाड्याच्या टोकाला गुंडा तात्या. लोक यानाकडं बघत नव्हते. तात्यांकडं बघत होते. सात वर्षांपूर्वी इथं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे त्यांना माहीत आहे असं वाटत होतं.

केरू शिडीनं वर चढला. आखूड पाय आधी, मग दुसरा. चंदेरी कपडे घालून यानात बसला. शिडी काढून घेतली. सनई थांबली.

मी रुमाल हलवला.

काही झालं नाही.

मी पुन्हा हलवला. तात्या नाडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. डोळे केरूवर, बोटं पांढरीफटक. मला वाटलं होतं, वाईटात वाईट म्हणजे हात सुटेल. हात सुटतच नव्हता. वर केरू किंचित झुलत होता, फांदी करकरत होती, आणि हजार-दीड हजार माणसं गप्प होती. कुणीतरी एक पोर “आई” म्हणालं. केरूच्या चेहऱ्यावरचा कप्तान हळूहळू उतरायला लागला, आणि मी प्रथमच पाहिलं की तोही भ्यालेला आहे.

मी धावत तात्यांकडं गेलो. “तात्या, सोडा. सगळं ठीक हाय. सोडा आता.”

त्यांनी नजर हलवली नाही. ओठही फारसे हलले नाहीत. “तुमच्या खुनंवर एकदा सोडलंय, मास्तर.”

सात वर्षांत त्या दिव्याबद्दल त्यांनी मला ऐकवलेलं एवढंच. रागानं नाही. विहिरीला किती पाणी आहे ते सांगावं तसं.

शिडी परत लावता आली असती, केरूला उतरवता आलं असतं, आणि मग तात्या उरलेलं आयुष्य शेरडांच्या गाठी मारत बसले असते. मी स्टेजवर गेलो. माईकची मला गरज वाटली नाही. मान वर करून मी ओरडलो, “केरू, बोली दे!”

केरूला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. घोगऱ्या आवाजात तो वरून म्हणाला, “सोड.”

तात्यांनी खुंट्यावरच्या वेढ्यांकडं पाहिलं.

“तात्या, सोड!”

“सोडतो,” तात्या म्हणाले.

नाडा खुंट्यावरून एक हात सरकला. यान एक हात खाली आलं आणि थांबलं.

“सोड.”

“सोडतो.”

पुन्हा एक हात. असं करत करत ते खाली आलं. पुढच्या रांगेत विहिरीवर राबलेली म्हातारी माणसं होती. ती दर “सोडतो”ला मान हलवत होती. कुणी हसलं नाही. ताऱ्यांपलीकडून येणाऱ्या कप्तानाला असंच उतरावं लागतं, अशी सगळ्यांची खात्री पटलेली दिसली. मला ज्याची आठ वर्षं लाज वाटली, ते ऐकायला मैदान श्वास धरून बसलं होतं. यान टेकलं, केरू लंगडत बाहेर आला, आणि मग जे झालं त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. बायका रडत होत्या, टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. केरूनं हात वर केला, सगळं शांत केलं आणि पहिला संवाद टाकला. सात वर्षं गेलीच नव्हती जणू.

मी मागं आलो. तात्या नाडा धरून उभेच होते.

“तात्या, उतरला त्यो. सोडा आता.”

“पोचलो म्हनाला न्हाई.”

खरंच. टाळ्यांच्या नादात केरू विसरला होता. त्याला स्टेजवरून बोलावता येईना, आणि तात्या काही ऐकेनात. पहिला अंक पन्नास मिनिटांचा. रिकाम्या यानाचा नाडा दोन्ही हातांनी धरून ते पन्नास मिनिटं उभे राहिले. आक्काताईनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या तोंडाला लावला, पदरानं हनुवटी पुसली. मी शेजारच्या दगडावर बसलो. स्टेजवर सुमेध मघा नक्षत्रातल्या राजाला खडसावत होता.

“तात्या,” मी म्हणालो, “हिरवा दिवा माझ्या हातनं लागला व्हता. मागनं खटका मीच बंद केला.”

“म्हाईत हाय.”

“मग बोलला का न्हाईत?”

“दोर ज्याच्या हातात, जीव त्याच्या हातात. माझं मला पुरे व्हतं.” त्यांनी नाड्यावरची पकड सारखी केली. “तुमचं तुमी मला सांगून काय उपेग? माझा काय पाय मोडला न्हाई.”

अंक संपला. केरू घामाघूम होऊन मागं आला, आणि तात्यांना बघून जागीच थांबला.

“तात्या, अजून धरलंय व्हय?”

“बोली कुठं दिलीस?”

केरूनं डोक्यावरचं चंदेरी टोपडं काढलं. “पोचलो,” तो म्हणाला.

“पोचला,” तात्या म्हणाले, आणि त्यांची बोटं उघडली. एकदम उघडली नाहीत. आक्काताईनं एकेक सरळ केलं. तळव्यावर नाड्याचे लाल वळ उठले होते. ते हात उलटसुलट करून बघत राहिले, सात वर्षांनी परत मिळाल्यासारखे.

केरू पाणी प्यायला वळला. मी म्हणालो, “केरू, जरा थांब. मला तुला काय सांगायचंय.” पुढचा शब्द सुचेना. मी खाली पाहिलं तर माझे हात कापत होते, तात्यांचे कापायचे तसेच. केरू वाट बघत उभा होता, आखूड पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकून.

तात्यांनी माझं मनगट धरलं. तळवा खरखरीत होता, आणि गरम.

“बोला मास्तर,” ते म्हणाले. “मी धरलंय.”

मी सांगून होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.